चौथी तार

“एजे, तुमची करंगळी झोपलीय का? उठवा की तिला. म्हणावं, चहा झाला,” कुबात म्हणाला, आणि वर्गातले सगळे हसले. दामिराही हसली. हसण्यासारखंच होतं ते. कुबात सगळ्यांनाच असं काहीबाही बोलायचा. वयानं तिच्यापेक्षा बराच लहान, म्हणून तिला एजे, थोरली ताई, म्हणायचा आणि त्या मानाच्या आडून हवी तेवढी थट्टा करून घ्यायचा. पण हसता हसता तिनं खाली गिटारीच्या दांडीकडे पाहिलं. करंगळी खरंच झोपली होती. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं पडलेलं, दुसरं-तिसरं आपापल्या तारेवर जीव खाऊन दाबलेलं, नखं पांढरी पडलेली. आणि करंगळी तेवढी चौथ्या तारेवर नुसती टेकलेली, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखी. तिनं ती दाबली. म्हणजे दाबली असं तिला वाटलं. मग उजव्या अंगठ्यानं एकेक तार छेडून पाहिली. सहावी वाजली, पाचवी वाजली, चौथीनं फुर्र केलं. सूर नाहीच, नुसती फुरफुर. “होईल, होईल,” असं म्हणत कुबात पुढच्या मुलीकडे वळला, आणि पुढचा अर्धा तास तो काय शिकवत होता ते दामिराला अजिबात ऐकू आलं नाही.

संस्कृतिभवनातून ती बाहेर पडली तेव्हा दुपारच होती, पण धुरामुळे ती दुपार वाटत नव्हती. हिवाळा लागला की बिश्केकमध्ये घरोघर कोळसा पेटतो आणि डोंगर दिसेनासे होतात. पंधरा दिवस डोंगर दिसले नाहीत तरी माणसं त्याबद्दल बोलत नाहीत. बसमध्ये तिला जागा मिळाली. गिटार गुडघ्यांमध्ये उभी धरून तिनं डाव्या हाताचा मोजा काढला. बोटं पसरली, जुळवली. करंगळी जुळली का? शेजारच्या बोटाला नीट चिकटली का, की मध्ये जराशी फट राहिली? मग उजवा मोजाही काढला आणि तो हात शेजारी धरला. तिथंही फट दिसली. म्हणजे सगळ्यांनाच असते. की आता दोन्ही हातांना? समोरची बाई टक लावून तिच्या हातांकडे पाहत होती. तिला वाटलं असेल, ही बाई दुवा मागतेय. दामिरानं मोजे चढवले आणि खिडकीबाहेर पाहू लागली, पण खिडकीवर वाफ धरली होती.

आपाच्या वेळीही लोक आधी हसलेच होते. आपा म्हणजे दामिराची आई. ती गावाकडे नारिनच्या बाजूला राहायची, आणि त्या वर्षी शरदात महिनाभर लेकीकडे शहरात राहून परत गेली होती. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती सगळे बसले होते, आपाच्या हातात चहाचा वाडगा होता, आणि तिची करंगळी बाकीच्या बोटांपासून अलग, बाहेर निघालेली होती. धाकटे काका म्हणाले होते, “बघा, बघा, आमच्या वहिनी शहरात जाऊन आल्या! आता बाईसाहेबांसारखी करंगळी उडवून चहा पितात!” केवढे हसले होते सगळे. आपाही हसली होती, आणि हसताना तिनं ती करंगळी आत घ्यायचा प्रयत्न केला होता. ती आली नाही. हे कुणी पाहिलं नाही, दामिरानं पाहिलं. तेव्हा तिला त्यात भीतीसारखं काही वाटलं नाही, गंमतच वाटली. भीती नंतर आली, फार हळूहळू, म्हातारी पाहुणी जिना चढून यावी तशी. आधी कोटाची बटणं लागेनात. मग अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसल भाग बसला आणि तिथं खळगा पडला. मग पीठ मळता येईना. गावानं सगळं करून पाहिलं. थंडी भरलीय म्हणून मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली, आर्चाच्या झाडाच्या पाल्याची धुरी दिली, मेंढी कापून तिच्या ऊनऊन कातड्यात आपाला गुंडाळून ठेवलं. आपा त्या कातड्यातून म्हणाली होती, “मला बरं करताय की शिजवताय रे?” शेवटी शहरातला डॉक्टर. त्यानं सुया टोचून यंत्रावर काहीतरी पाहिलं आणि विचारलं, “घराण्यात आणखी कुणाला?” आपा म्हणाली, “माझ्या भावाला. आणि आजीलाही होतं म्हणायचे.” डॉक्टरनं फक्त मान वर केली आणि आपाचा कोट धरून उभ्या असलेल्या दामिराच्या हातांकडे पाहिलं. क्षणभरच. तिनं हात कोटाखाली घेतले होते. तेव्हापासून, आपाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी, ते हात पुरते बाहेर आलेच नव्हते.

आणि आता हे गिटारीचं खूळ. खूळ बेगिमायचं, तिच्या लेकीचं. पोरगी विद्यापीठात जायला लागल्यापासून घरी जेवणापुरती असायची, आणि एक दिवस म्हणाली, “आई, तू संध्याकाळी नुसती खिडकीत बसून असतेस, मला बघवत नाही. काहीतरी शीक.” पोटमाळ्यावर ताश्तानच्या, म्हणजे दामिराच्या नवऱ्याच्या, वारलेल्या भावाची गिटार पडून होती. जुन्या काळची, सात तारांची. ताश्तान त्या दिवशी भलताच रंगात आला. सातवी तार काढून टाकायची आणि उरलेल्या सहा तारा सहा तारांच्या गिटारीसारख्या लावायच्या. त्यांच्या वेळी इमारतीच्या अंगणात बसून वाजवणारी सगळी पोरं असंच करायची. “मला काय सांगता! हे मला झोपेत येतं,” म्हणत त्यानं सर्वांत बारीक तार काढली, बाकीच्या लावल्या आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. त्या अंगणातली पोरं कॉर्डना अक्षरांनी ओळखत नसत. लहान चांदणी, मोठी चांदणी, शिडी, अशी त्यांची नावं. दामिरा लहानपणी सुट्टीत शहरातल्या नातेवाइकांकडे आली की बाल्कनीतून तशी पोरं बघायची आणि आत बोलावलं जाईपर्यंत उभी राहायची. शरदात तिला स्वतःला लहान चांदणी आली. बोटांच्या शेंड्यांना घट्टे पडले. मोठी चांदणी आली. चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून घरी येताना तिचा डावा हात खिशात आपला आपण चांदण्या करायचा. इतकी खूश ती कित्येक वर्षांत नव्हती, आणि तसं वाटण्याचीही तिला लाज वाटायची. मग बारे आला. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकायचं आणि करंगळीनं चौथी तार दाबायची.

घरी आल्यावर ती कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली आणि बारे धरला. फुर्र. पुन्हा धरला. फुर्र. बेगिमाय दारात येऊन म्हणाली, “आई, बसमधली माशी घरी घेऊन आलीस का?” दामिरा म्हणाली, “जा, अभ्यास कर.” तिचा आवाज इतका कोरडा होता की पोरगी खरंच गेली.

त्यानंतरचे आठवडे तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. बाहेरून काहीच बदललं नव्हतं. ती दुकानात बसायची, डोळ्याला भिंग लावून चष्म्याच्या दांडीत स्क्रू बसवायची. डाव्या हातात चौकट, उजव्या हातात स्क्रू. स्क्रू खाली पडला की ती थबकायची. हा कुठल्या हातानं पाडला? आधीही पडायचे, पण आधी कोण बघत होतं! लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं नाही की ती बरणी परत फडताळात ठेवून द्यायची. उघडलं की दिवसभर हलकं वाटायचं. आंघोळीत ती अंगठा आणि पहिलं बोट जुळवून मधला मांसल भाग चाचपायची, आणि रोज चाचपल्यानं तो कालच्यापेक्षा मऊ लागतोय की तिचंच बोट कठीण झालंय हे कळेना. ताश्तानला सांगावं असं दोनदा तोंडापर्यंत आलं. पण ताश्तान आपाच्या शेवटच्या वर्षी घरातच होता. त्यानं आपाला उचलून उन्हात नेऊन बसवलं होतं. सांगितलं की तो आधी तिच्या हाताकडे पाहील, त्या डॉक्टरनं पाहिलं तसं, आणि मग ते खरं होईल. दवाखान्यात जाणं तर दूरच. सुया आणि यंत्र एकदा काय ते सांगून टाकतात, आणि नंतर त्यांना परत विचारता येत नाही.

गिटारीला मात्र रोज विचारता येत होतं. हीच तर गोची होती. नवशिक्याची तार फुरफुरतेच, कुबात स्वतः म्हणायचा. म्हणजे त्या फुरफुरीचे दोन अर्थ होते. एक तर तिला अजून येत नव्हतं, किंवा तिचा हात चालला होता. आणि दोन्हींचा आवाज अगदी सारखा. ती वर्गात दुसऱ्यांचे हात ऐकू लागली. पुढच्या रांगेतली बारीक मनगटांची मुलगी. तिची चौथी तारही फुरफुरायची, आणि ती फुरफुरली की दामिराला इतका आनंद व्हायचा की तिची तिलाच शरम वाटे. मग एका शनिवारी त्या मुलीचा बारे स्वच्छ वाजला. घंटेसारखा. कुबात म्हणाला, “शाब्बास! बघा, हाडं नसलेल्या पोरीनंही दाबली.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दामिरानंही वाजवल्या आणि वाजवताना दोन्ही तळहात सारख्या जोरानं आपटतात का ते पाहिलं.

त्याच दिवशी कुबातनं तिची गिटार हातात घेतली. आतापर्यंत त्यानं ती नीट पाहिलीच नव्हती. दांडीवर डोळा लावून पाहिलं, तारांखालून बोट घातलं आणि कपाळावर हात मारला. “एजे, हे काय आहे? तारांखालून मांजर जाईल! आणि ही सात तारांची. रिकामी खाच वर ठेवायची असते, अंगठ्याकडे. तुमच्याकडे ती खाली आहे. सगळ्या तारा वर सरकल्यात. करंगळीला बिचारीला शेजारच्या गावात जावं लागतंय! कुणी लावली ही?”

“माझ्या मालकांनी.”

“आकेंना माझा सलाम सांगा आणि म्हणावं, पुन्हा हात लावू नका. या गिटारींना मागं भोक असतं. त्यात किल्ली घालून दांडी खाली घेता येते. भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली चालते. द्या, पुढच्या शनिवारपर्यंत करून देतो.”

त्या क्षणी दामिराच्या जिवात जीव यायला हवा होता. आलाही, पण क्षणभरच, आणि त्यामागून दुसरीच भीती आली, पहिलीपेक्षा मोठी. गिटार वाईट होती. गिटार वाईट होती तोवर हात चांगला असू शकत होता. उद्या तारा खाली आल्या, खाच वर गेली, आणि तरीही चौथीनं फुर्र केलं, तर? मग कुणावर ढकलायचं? तिनं गिटार त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. “राहू दे कुबात. दिराची आठवण आहे. त्याच्या वस्तूला हात लावलेलं ताश्तानला आवडणार नाही.” कुबात तिच्याकडे पाहतच राहिला. इतकी धडधडीत थाप तिनं उभ्या आयुष्यात मारली नव्हती. पुढच्या दोन शनिवारी ती वर्गाला गेली नाही. घरी मात्र रोज वाजवत राहिली, त्याच वाईट गिटारीवर, आणि प्रत्येक फुरफुरीनंतर स्वतःला सांगत राहिली, दांडी उंच आहे, खाच खाली आहे. ही दोन वाक्यं तिला दुव्यासारखी पाठ झाली.

शुक्रवारी ती नेहमीप्रमाणे गेलेल्यांसाठी बोर्सोक, पिठाचे फुगीर गोळे, तळायची. तळणीचा वास दरवळला की तो त्यांच्यापर्यंत पोचतो असं आपा म्हणायची, आणि आता आपाच त्या वासाची वाट पाहणाऱ्यांत होती. त्या शुक्रवारी दामिरा पीठ मळत होती आणि मळता मळता तिला कळलं की ती डाव्या हातावर जास्त भार टाकतेय, मुद्दाम, हात दमावा म्हणून. हात दमला. दमणारच. पण दमल्यावर तो थरथरला, आणि ती तशीच पिठात हात रुतवून उभी राहिली. दारावर थाप पडली. बाहेर ताश्तानचा मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज, आणि त्याच्यामागे कुबातचा.

“बघ कोण आलंय!” ताश्तान म्हणाला. “मला रस्त्यात गाठून म्हणतो, आके, तुम्ही बायकोला गिटारीला हात लावू देत नाही म्हणे! अगं, मी कधी म्हटलं असं? म्हटलं चल घरी, आत्ताच काय ते कर. मीच लावली होती चुकीची, मीच दुरुस्त करून घेतो. चूक कबूल करतोय, बेगिमाय, ऐकून ठेव, पुन्हा करणार नाही.”

“ऐकलं, बाबा. भिंतीवर लिहून ठेवते,” आतून बेगिमाय ओरडली.

पाहुणा घरात आलेला, गरम बोर्सोक पुढ्यात, त्याला नाही कसं म्हणायचं! दामिरानं हात धुतले, चहा ओतला. कुबातनं खिशातून किल्ली काढली, गिटार पालथी घातली आणि दांडीच्या टाचेतल्या भोकात किल्ली घालून फिरवली. लाकूड करकरलं. मग त्यानं तारा सोडल्या, एकेक करून शेजारच्या खाचेत सरकवल्या, पुन्हा ताणल्या, कान लावून जुळवल्या. दामिराला सगळं दिसत होतं, पण ते फार लांबून, पलीकडच्या इमारतीतल्या खिडकीत चालल्यासारखं. तिच्या मनात एकच चाललं होतं. आता यानं सांगितलं की मला ती हातात घ्यावी लागेल. चहा ओतत राहावं. वाडगा रिकामा होऊ देऊ नये. तिनं त्याचा वाडगा इतका काठोकाठ भरला की ताश्तान कुजबुजला, “अगं, काय करतेस? भरलेला वाडगा म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं!” कुबात हसला. “उठतो की, एजे. एक बारे ऐकतो आणि उठतो.”

त्यानं गिटार तिच्या मांडीवर ठेवली. बेगिमायही एव्हाना आत आली होती; तिघंही तिच्याकडे पाहत होते, प्रेमानं, वाढदिवसाला मेणबत्ती फुंकणाऱ्या पोराकडे पाहावं तसे. तिनं बोट आडवं टाकलं. दुसरं. तिसरं. करंगळी. तार इतकी जवळ होती की तिला वाटलं, अजून दाबलीच नाही. आपा त्या कातड्यात गुंडाळलेली, नुसतं तोंड बाहेर, हसणारी, तिच्या डोळ्यांपुढे आली. दामिरानं अंगठा तारांवर ठेवला. सहावी वाजली. पाचवी वाजली. ती थांबली. “छेडा, एजे,” कुबात म्हणाला. तिनं चौथी छेडली.

चौथी वाजली. स्वच्छ, गोल, लांबवर जाणारा सूर. तिनं पुन्हा छेडली. पुन्हा वाजली. मग सगळ्या तारांवरून अंगठा ओढला आणि ते लहानसं स्वयंपाकघर भरून गेलं. ती रडायलाच लागली. ताश्तान गोंधळला. “अगं, गिटार आहे ही! रडतेस काय?” तिनं त्याचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं, कुबात समोर असताना. आपाची करंगळी, बसमधले मोजे, दुकानातले स्क्रू, सगळं. ताश्तान ऐकता ऐकता खाली बसला. “वेडी,” तो म्हणाला, “वेडी गं. एवढे दिवस एकटीच?” आणि त्यानं खरोखरच तिच्या हाताकडे पाहिलं, पण तो डॉक्टरसारखं पाहत नव्हता. कुबात शरमून म्हणाला, “एजे, मला माफ करा. मी आपलं हसण्यावारी...” ती म्हणाली, “बोर्सोक खा रे, थंड होताहेत.” तिला भूक लागली होती. कित्येक दिवसांनी तिला खरोखरची भूक लागली होती. साखर लावून तिनं तीन-चार बोर्सोक लागोपाठ खाल्ले, आणि ताश्ताननं कुबातला आपल्या अंगणातल्या दिवसांच्या गोष्टी सुरू केल्या, अर्ध्या खऱ्या, अर्ध्या आत्ताच सुचलेल्या.

“द्या बघू मला,” बेगिमाय म्हणाली. तिनं कधी गिटारीला हात लावला नव्हता. ओट्याला टेकून बसत तिनं ती उलटीसुलटी पाहिली, मांडीवर घेतली आणि आईच्या बोटांची नक्कल करत बोटं ठेवली. “असं? आणि ही करंगळी इथं?” तिनं तारा ओढल्या. सहावी वाजली, पाचवी वाजली, चौथीनं फुर्र केलं. बेगिमाय खदखदून हसली. “अरेच्चा! माझी तर मेलेलीच आहे!” ताश्तान हसला, कुबात हसला. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं, महिनाभर तरी लागतो, असं तो म्हणाला. ते खरंच होतं, दामिरालाही ठाऊक होतं. दांडी खाली आली होती. खाच वर होती. एवढे दिवस ती आपापासून स्वतःपर्यंतच येऊन थांबत होती. तिच्या पुढं कुणी आहे हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ती उठली. पोरीसमोर गुडघ्यांवर बसली. बेगिमायच्या करंगळीवर तिनं आपली करंगळी ठेवली आणि दाबली, आणि दुसऱ्या हातानं तार छेडली. तार वाजली.

“वाजली, आई! सोड आता,” बेगिमाय म्हणाली. “आई, सोड ना. दुखतंय.”

दामिरानं सोडलं नाही.